बीएडची दोन वर्षं : शिकवायला शिकणं नेमकं कुठे घडतं आणि कॉलेज कसं पारखायचं

प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही रसायनशास्त्र घेऊन बीएससी केलंय, कळव्यात राहता, शिक्षिका व्हायचं मनात आहे. बीएडमध्ये खरंच शिकवायला शिकवतात की नुसत्या फाईली लिहून घेतात, कॉलेज निवडताना काय बघायचं आणि पुढे कोणत्या इयत्तांना शिकवता येईल, हे तुम्ही विचारलंय.

फाईली लिहाव्या लागतात, त्यात वाद नाही. पण शिकवायला शिकणं होतं ते दोनच ठिकाणी : सरावपाठात आणि शाळेतल्या आंतरवासितेत (इंटर्नशिपमध्ये). या दोन गोष्टी मन लावून करून घेणारं कॉलेज मिळालं तर दोन वर्षं सार्थकी लागतात. बाकी सगळं त्यांच्या आधाराला आहे.

प्रवेशाचं आधी उरकते. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही मुंबई विद्यापीठाखाली येतात. राज्य सीईटी कक्षाची बीएड सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) द्यायची : १०० बहुपर्यायी प्रश्न, ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. इंग्रजी माध्यमाच्या जागा हव्या असतील तर इंग्रजीची वेगळी चाचणीही द्यावी लागते. पदवीला खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५ टक्के लागतात. त्यानंतर कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या. अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झालाय. रसायनशास्त्रामुळे तुमची मेथड (ज्याचं अध्यापन शिकायचं तो शालेय विषय) विज्ञान असेल, इथे तुम्हाला अडचण नाही. अडचण बीकॉमवाल्यांना येते, कारण दहावीपर्यंत वाणिज्य हा विषयच नसतो आणि ज्युनियर कॉलेजला शिकवायचं तर एमकॉम लागतं. तसं कुणी ओळखीत असेल तर त्यांनी अर्ज भरण्याआधी त्यांना हे जरूर सांगा.

आता मुख्य गोष्ट. सुरुवातीला सूक्ष्म अध्यापन असतं. समोर मुलं नसतात, पाच-दहा सहाध्यायीच विद्यार्थी होऊन बसतात. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं : प्रश्न विचारणं, स्पष्टीकरण, फलकलेखन, प्रबलन (उत्तराला दाद देणं), चेतक बदल (आवाज, हालचाल बदलून लक्ष टिकवणं) असं एकेक. चक्र ३६ मिनिटांचं : ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक), १२ मिनिटं पुनर्नियोजन, ६ मिनिटं पुन्हा पाठ, ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. घोळ होतो तो मधल्या १२ मिनिटांत. वेळ नाही म्हणून ती गाळतात, दुसरा पाठ पहिल्यासारखाच होतो आणि वहीत मात्र 'सुधारणा झाली' असं लिहिलं जातं. पुनर्नियोजन झालं नाही तर ते चक्रच नाही. दुसरी चूक म्हणजे समोर बसलेले सहाध्यायी प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर देतात. त्यातल्या दोघांना आधीच सांगून ठेवा की मुद्दाम चुकीचं उत्तर द्या. चुकीचं उत्तर आल्यावर काय करायचं, हाच तर शिकण्याचा भाग आहे.

प्रश्न कौशल्यात एक गोष्ट घड्याळ लावून करा. अमेरिकन शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांत मोजून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. नवीन माणसाला ते तीन सेकंद फार मोठे वाटतात, म्हणून मनात आकडे मोजायचे आणि मगच कुणाचं तरी नाव घ्यायचं. नाव आधी घेतलं तर बाकी वर्ग सुटल्यासारखा बसून राहतो.

मग पाठ टाचण, म्हणजे एका तासिकेचं लेखी नियोजन. नव्या टाचणात पहिली ओळ बऱ्याचदा अशी असते : 'विद्यार्थ्यांना आम्ल व आम्लारी समजते.' समजलं की नाही हे तासिकेच्या शेवटी दिसणार कसं? स्पष्टीकरण, म्हणजे मूल नेमकं काय करून दाखवेल ते, असं हवं : 'दिलेल्या चार द्रावणांतलं आम्लारी कोणतं ते दर्शक वापरून ओळखतो आणि कारण सांगतो.' (दर्शक म्हणजे रंग बदलून आम्ल की आम्लारी ते दाखवणारा पदार्थ.) क्रियापद बदललं की पाठ बदलतो, कारण आता मुलांच्या हातात चार द्रावणं द्यावीच लागतात.

हाच पाठ जरा जवळून बघू. वर्गात ६० मुलं धरा. पाच-पाचचे १२ गट. प्रत्येक गटाला चार झाकणं, त्यांत एकेक द्रावण : लिंबाचा रस, मिठाचं पाणी, साबणाचं पाणी आणि चुन्याची निवळी. म्हणजे ४८ झाकणं. हळदीच्या कागदाच्या पट्ट्या ४८ लागतील, पण ६० करा, पहिली पट्टी भिजून वाया जातेच. हळद पाण्यात कालवून टिपकागदाला लावायची आणि आदल्या रात्री सावलीत वाळवायची. ओली राहिली तर डाग पसरतो आणि रंग वाचता येत नाही.

आता यात फसतं कुठे? हळद आम्लारीत लालसर तपकिरी होते, आम्लात पिवळीच राहते. मुलं लिंबाच्या रसाचा निष्कर्ष 'काहीच झालं नाही' असा लिहितात आणि लिंबू व मीठ एकाच रकान्यात टाकतात. त्यांचं निरीक्षण चुकलेलं नसतं, दर्शक अपुरा असतो. म्हणून जोडीला लाल जास्वंदीची पाकळी घ्या. ती पांढऱ्या कागदावर घासायची आणि त्या डागावर थेंब टाकायचा. आम्लाने डाग गुलाबी-लाल होतो, आम्लारीने हिरवट. आणखी एक : चुन्याऐवजी खाण्याचा सोडा नेऊ नका. तो इतका सौम्य असतो की हळद धड लाल होत नाही आणि अर्धा वर्ग गोंधळतो. निवळी मात्र तुम्हीच वाटा, मुलांच्या डोळ्यांत जाता कामा नये.

तासिका ३५ मिनिटांची. हजेरी आणि गडबड यात पाच मिनिटं जातात, हाती ३० उरतात. प्रस्तावना चार, प्रयोग बारा, फळा आणि चर्चा आठ, मूल्यमापन पाच, गृहपाठ एक. नव्या छात्राध्यापकांची प्रस्तावना दहा मिनिटांवर जाते आणि घंटा झाली की मूल्यमापन गळतं. नेमकं तेच सर्वांत महत्त्वाचं, कारण उद्याचा पाठ त्यावर ठरतो. टाचणाच्या कडेला पेन्सिलीने घड्याळाची वेळ लिहून ठेवा : ८.२० ला प्रयोग थांबवायचा म्हणजे थांबवायचा.

आंतरवासिता दोन वर्षांत मिळून किमान २० आठवड्यांची असते आणि तिला ९० टक्के उपस्थिती लागते, एरवी ८० चालते. म्हणून शाळा कुठे मिळते हे गंभीरपणे घ्या. ऐरोली किंवा घणसोलीची सकाळच्या अधिवेशनाची शाळा मिळाली तर कळव्याहून आधी ठाण्याला येऊन ट्रान्स-हार्बर लोकल पकडावी लागेल आणि परिपाठाआधी पोहोचावं लागेल. दिघा रिक्षाच्या अंतरावर आहे. कॉलेजला पसंती विचारता येते का बघा, पण शाळा 'सोपी' हवी म्हणून मागू नका. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या पट्ट्यात मराठी शाळेतल्याही कितीतरी मुलांच्या घरी हिंदी किंवा आणखी वेगळी भाषा बोलली जाते, आगरी बोली बोलणारी मुलं शेजारी बसलेली असतात. 'आम्लारी' हा शब्द तिथे कुणाच्याच घरचा नाही. आधी साबणाचा बुळबुळीतपणा हाताला लागू द्यायचा आणि मग शब्द फळ्यावर लिहायचा, हे अशा वर्गातच अंगवळणी पडतं.

त्या काळात शाळा तुम्हाला मोकळ्या तासिकांवर पाठवेल आणि मस्टर लिहायला लावेल. थोडं करा, शाळा कशी चालते ते कळतं. पण आठवडे असेच जाऊ लागले तर मार्गदर्शक प्राध्यापकांना लगेच सांगा. एकाच वर्गाला एक पूर्ण घटक सलग शिकवायला मागा. पाच वर्गांवर पाच सुटे पाठ घेतले तर कालचं मुलांना किती आठवतंय हे कधी कळतच नाही. घटकाच्या शेवटी संविधान तक्ता (कशाला किती गुण याचा आराखडा) करून तुम्हीच चाचणी काढा आणि तपासताना चुकीची उत्तरं वेगळी उतरवून ठेवा. कृतिसंशोधनाचा (आपल्याच वर्गातल्या अडचणीवर करायच्या छोट्या संशोधनाचा) विषय त्यातच सापडतो, इंटरनेटवरून उचलावा लागत नाही.

इयत्तांबद्दल. नुसत्या बीएडवर पहिली ते पाचवीला नेमणूक मिळत नाही, तिथे डीएलएड ही प्राथमिक शिक्षकांची पदविका लागते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये हे स्पष्ट केलंय, त्यामुळे जुने सल्ले ऐकू नका. सहावी ते आठवीला बीएडबरोबर टीईटीचा (राज्याच्या शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर २ किंवा केंद्राची सीटीईटी लागते : १५० गुण, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के. नववी-दहावी हे बीएडचं घरचं क्षेत्र. ज्युनियर कॉलेजला एमएस्सीही हवं. राज्याच्या पवित्र पोर्टलवरच्या शिक्षक भरतीसाठी टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) वेगळी, २०० प्रश्नांची. टीईटी आणि टेट या दोन निराळ्या परीक्षा आहेत, नावातल्या साम्याने पुष्कळांची गफलत होते.

कॉलेज बघायला स्वतः जा. एनसीटीईची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची) मान्यता आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी आधी तपासा. 'हजेरीची काळजी करू नका' असं कुणी ऑफिसात सांगितलं तर तिथूनच परत फिरा. मग दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीला विचारा : सरावपाठाला प्राध्यापक पूर्ण तासिका मागच्या बाकावर बसतात का? तिची तपासून आलेली पाठवही मागून बघा. 'तिसऱ्या प्रश्नाला तीन वेगळी उत्तरं आली, एकच फळ्यावर घेतलं' अशा धर्तीचे शेरे असतील तर तिथे पाठ खरोखर पाहिले जातात. पानोपानी नुसतं 'छान' आणि सही असेल तर यादीतलं पुढचं कॉलेज बघा.