स्कॅन झाला, तरी ऑपरेशनमध्ये जागं का ठेवतात?

प्रश्न : माझ्या यजमानांना (वय 41) मध्यंतरी बोलता बोलता फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात हळू वाढणारी गाठ निघाली. आता फंक्शनल एमआरआय आणि मग जागं ठेवून ऑपरेशन करायचं ठरलंय. स्कॅनमध्ये बोलण्याची जागा दिसणार असेल, तर माणसाला जागं ठेवून त्रास कशाला? शिवाय चाचणी मराठीतून होणार म्हणे. घरी आम्ही मालवणी बोलतो, बँकेत ते मराठी-हिंदी बोलतात आणि भजनात पेटी वाजवून गातात. हे डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. हो, सांगाच. लिहून द्या. मी स्पीच थेरपिस्ट आहे. अशा ऑपरेशनमध्ये रुग्णासमोर बसून त्याला चित्रं दाखवणं, बोलतं ठेवणं हे माझं काम. आम्ही जे तपासतो, तेच जपता येतं. घरच्यांनी जे सांगितलंच नाही, ते आमच्या यादीत यायचं कुठून?

आता स्कॅनबद्दल. फंक्शनल एमआरआयमध्ये यजमानांना मशीनमध्ये झोपवून, उदाहरणार्थ, ‘क’पासून सुरू होणारे शब्द मनात आठवायला सांगतील. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे प्राणवायूयुक्त रक्त जास्त येतं आणि मशीन तो फरक टिपतं. भाषेचा भार डाव्या बाजूवर आहे की उजव्या, याचा त्यातून चांगला अंदाज येतो. पण एखाद्या कामात मेंदूच्या बऱ्याच जागा हातभार लावतात, त्यातल्या मोजक्याच जागांवाचून काम अडतं. स्कॅनमध्ये या दोन्ही सारख्याच उजळतात. गाठीजवळ रक्तपुरवठा बदललेला असतो, म्हणून चालता भागही कधीकधी बंद दिसतो. त्यात कवटी उघडून आतलं पाणी वाहून गेलं की मेंदू थोडा खाली बसतो आणि आधी काढलेला नकाशा काही मिलिमीटरने सरकतो. भाषेच्या जागेपाशी काही मिलिमीटर म्हणजे फार झाले.

पुस्तकात तर जागा दिलेलीच असते, असं कुणी म्हणेल. पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये वाचा गेलेल्या रुग्णाचा मेंदू तपासून डाव्या बाजूची जी जागा दाखवली, ती आजही शिकवतात. पण सिएटलच्या जॉर्ज ओजेमान आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये 117 रुग्णांचे ऑपरेशनच्या वेळचे नकाशे एकत्र मांडले, तेव्हा अत्यावश्यक जागा अनेकदा एक-दोन चौरस सेंटिमीटरच्याच निघाल्या आणि माणसागणिक वेगळ्या ठिकाणी. म्हणून यजमानांचा नकाशा त्यांच्याच मेंदूवर काढावा लागतो, आणि त्यासाठी ते जागे हवेत.

त्रासाची भीती मला समजते. डोक्याची कातडी इंजेक्शनने बधिर करतात. पुष्कळदा सुरुवातीला गुंगीत ठेवून कवटी उघडल्यावरच जागं करतात. खुद्द मेंदूला वेदना कळत नाही. मग सर्जन एका जागेला काही सेकंद अगदी सौम्य वीजप्रवाह देतात आणि त्याच वेळी मी चित्र दाखवते : नारळ, होडी, कोयता. नाव अडलं, चुकलं किंवा बोलणंच थांबलं, तर पुन्हा पडताळून तिथे आकडा लिहिलेली छोटी चिठ्ठी ठेवतात. प्रवाह काढला की शब्द परत येतो. क्वचित त्या प्रवाहाने फिट येते. तेव्हा मेंदूवर थंडगार सलाइन ओततात आणि ती बहुधा थांबते. यजमानांना हे सगळं आधीच सांगून ठेवायला हवं. माहिती असलेला माणूस टेबलावर कमी घाबरतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आता मालवणी. दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूत काही जागा अशा सापडतात, की तिथे एका भाषेतलं नाव अडतं आणि दुसरीतलं येतं. म्हणून फक्त मराठीत तपासून भागणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. टीममध्ये मालवणी समजणारं कुणी आहे का, विचारा. नसेल तर आदल्या दिवशी तुम्ही थेरपिस्टबरोबर बसा, प्रत्येक चित्राला ते घरी काय म्हणतात ते लिहून द्या. जे चित्र पाहून ते आधीच अडखळतात, ते काढून टाकायला सांगा. नाहीतर ऑपरेशनमध्ये अडले तर कारण कळणार नाही.

पेटीचंही सांगा. उजव्या हाताची बोटं मेंदूच्या डाव्या बाजूच्या ताब्यात असतात आणि गाठ त्याच बाजूला आहे. बँकेतल्या आकडेमोडीचंही सांगा. माझ्या एका दुकानदार रुग्णाच्या बायकोने त्यांचा तोंडी हिशोब पक्का असल्याचं सांगितलं होतं, म्हणून आम्ही वजाबाक्या घातल्या. नावं बिनचूक येत असताना एका जागी वजाबाकी चुकू लागली, आणि सर्जन तिथून बाजूला सरकले. तिने सांगितलं नसतं तर आम्ही हिशोब तपासलाच नसता.

सॅन फ्रान्सिस्कोच्या सर्जनांनी 2008 मध्ये अशा 250 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पहिल्या आठवड्यात पाचातल्या एकापेक्षा जास्त जणांचं बोलणं बिघडलेलं होतं. सहा महिन्यांनी, हयात असलेल्या 243 जणांपैकी फक्त 4 जणांत दोष टिकून होता. तेव्हा ऑपरेशननंतर ते अडखळले तर लगेच धीर सोडू नका. त्या दिवसांत भेटायला येणाऱ्यांना दाराशीच सांगा, की “मला ओळखलंस का, नाव सांग” असं विचारू नका. आणि ऑपरेशनला जाताना त्यांचा चष्मा बरोबर द्या. चित्रच दिसलं नाही, तर त्याचं नाव ते सांगणार कसं?