जनुकाचा 'अभाव', 'नाश' की 'लोप'?

फोंड्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे : गावच्या वाचनालयात मूत्राशयाच्या कर्करोगावर व्याख्यान ठेवलंय, त्याचं मराठी टिपण करायचंय. 'ट्यूमर सप्रेसर जनुकांच्या लॉसमुळे हा रोग बळावतो' यातल्या 'लॉस'ला काय म्हणावं? अभाव, उणीव की नाश?

'ट्यूमर सप्रेसर'ला 'अर्बुदरोधक' चालेल. 'गाठरोधक' अधिक बरा, ऐकताक्षणी कळतो. खरा पेच 'लॉस'चाच.

'अभाव' नकोच. कोकणीतला 'उणाव' आपल्या ओठांवर असतो, म्हणून 'उणीव'ही चटकन सुचते; पण दोन्हींतून ती गोष्ट मुळातच नव्हती असं वाटतं. 'आमच्या घराण्यात हे जनुकच नाही' असा समज घेऊन एखादा श्रोता घरी जाईल. या कर्करोगात बहुतेकांची गोष्ट वेगळी असते. आईवडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती जन्मतः धड असतात; पुढे मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशींत त्या बिघडतात. तंबाखूच्या धुरातली घातक रसायनं लघवीत उतरतात आणि लघवी साठते ती तिथेच. असलेलं गेलं, हे सांगणारा शब्द हवा, आणि तो 'लोप'.

पाणिनीचं सूत्र आहे 'अदर्शनं लोपः', म्हणजे दिसेनासं होणं. ९व्या गुणसूत्राला हे चपखल बसतं. त्याचे भाग या रोगात फार लवकर गळतात, आणि त्याच्यावरच असलेल्या, पेशीविभाजनाला आवर घालणाऱ्या पी१६ प्रथिनाच्या जनुकाच्या कित्येकदा दोन्ही प्रती जातात.

पी५३शी मात्र नुसता 'लोप' अडखळतो. १७व्या गुणसूत्रावरच्या या जनुकाची अनेकदा एक प्रत गळते आणि उरलेलीत एखादंच अक्षर बदलतं. त्यातून बनलेलं बिघडलेलं प्रथिन पेशीकेंद्रात उलट साठत जातं. हे प्रथिन दाखवणारा रंग दिला की पॅथॉलॉजिस्टच्या काचपट्टीवर केंद्रकं गडद तपकिरी दिसतात. दिसतंय ठळक, पण डीएनए खराब झालेल्या पेशीला थांबवायचं किंवा संपवायचं काम बंद! इथे 'अदर्शन' कसं म्हणणार? 'नाश' तर त्याहून चुकीचा. इथे 'कार्यलोप' लिहा. स्नायूपर्यंत शिरलेल्या गाठींत पी५३ आणि आरबी१ (आणखी एक गाठरोधक जनुक) बिघडलेले वरचेवर आढळतात, तेव्हा हा शब्द टिपणात लागेलच.

वाक्य असं करता येईल : 'पी१६च्या जनुकाचा लोप आणि पी५३चा कार्यलोप झाला की पेशींच्या वाढीवरचा ताबा सुटतो.' बोलताना 'कार्यलोप' जड वाटला तर सरळ 'जनुक निकामी झालं' म्हणा.