मॉरिशसवर १५८ वर्षं इंग्रजांचं राज्य होतं, मग तिथे घरोघरी क्रिओल (फ्रेंचच्या आधारे तिथेच घडलेली भाषा) आणि पेपरात फ्रेंच कशी?
कारण १८१० मध्ये बेट जिंकताना इंग्रजांनी तिथल्या फ्रेंच रहिवाशांना त्यांचे कायदे, धर्म आणि रीतिरिवाज राखायची हमी शरणागतीच्या करारातच दिली होती. राज्यकर्ते बदलले, पण उसाचे मळे बहुतांशी फ्रेंच मालकांकडेच राहिले. फ्रेंच अमदानीत मळ्यांवरच्या गुलामांनी घडवलेली क्रिओल पुढे १८३४ पासून आलेल्या भारतीय गिरमिटियांनीही (करारावर नेलेल्या मजुरांनीही) उचलली. त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. क्रिओलला ‘मोडकी फ्रेंच’ म्हणू नये, ती स्वतंत्र भाषा आहे. मात्र इंग्रजी हद्दपार झालेली नाही: संसदेची अधिकृत भाषा आजही तीच, फक्त सभापतींना उद्देशून फ्रेंचमध्येही बोलता येतं.