जुनी लाइन का तुंबते?

प्रश्न : ताई, आमच्या पतसंस्थेच्या 14 शाखा आहेत. मुख्य कार्यालयातून डेटा सेंटरला 1 गिगाबिटची फायबर आणि जोडीला जुनी 100 मेगाबिटची लाइन, दोन्हींवर ओएसपीएफ, म्हणजे प्रत्येक लाइनला कॉस्ट नावाचा आकडा देऊन सर्वांत कमी बेरजेची वाट निवडणारी पद्धत. दुपारी जुनी लाइन तुंबते, फायबर मात्र जवळपास मोकळी. भाचा म्हणतो, मामा, हाताने कॉस्ट टाकणं सोडा, रूटिंगचं डिझाइन आता प्रोग्रामच करतात. खरं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी लाइन मोकळी करू, भाच्याचं मग बघू. सिस्को कंपनीच्या बऱ्याच राउटरांत (डेटाला वाट दाखवणाऱ्या यंत्रांत) 100 मेगाबिटला लाइनच्या वेगाने भागून कॉस्ट काढतात आणि ती 1 च्या खाली उतरत नाही. म्हणजे तुमच्या दोन्ही लाइनींची कॉस्ट 1. राउटरला दोन्ही वाटा सारख्याच, म्हणून तो ट्रॅफिक साधारण निम्मा निम्मा वाटतो. संदर्भ बँडविड्थ, म्हणजे भागाकारातले ते 100 मेगाबिट, 10,000 मेगाबिट करा. फायबरची कॉस्ट 10 होईल, जुनीची 100. पण हा बदल सगळ्या राउटरांवर करा, एकही सुटू देऊ नका.

हे ठासून सांगतेय, कारण मी स्वतः एकदा सोडला होता. रात्री दोन वाजता जुन्या लाइनची कॉस्ट शाखेच्या टोकाला वाढवली, मुख्य कार्यालयाच्या टोकाला राहून गेली. कॉस्ट फक्त त्या टोकातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅफिकपुरती असते. शाखेचा डेटा नव्या लाइनने जायचा, उत्तर जुनीवरून यायचं. मधल्या फायरवॉलला (सुरक्षेसाठी ये-जा तपासणाऱ्या यंत्राला) अर्धंच बोलणं दिसे, मग तो कनेक्शनच तोडे. सकाळी काउंटरवर रांग लागली तेव्हा कळलं. त्या रात्रीचं वहीचं पान मी जपून ठेवलंय : एका टोकापुढे 100, दुसऱ्यापुढे कोरी जागा. दोन्ही टोकं एकाच नोंदीवरून लिहिणाऱ्या प्रोग्रामकडून ही जागा कोरी राहत नाही. तेवढ्यापुरतं तुमच्या भाच्याचं अगदी बरोबर आहे.

आणि हे आजकालचंही नाही. 2000 साली बर्नार्ड फोर्ट्झ आणि मिकेल थोरप या संशोधकांनी एटी अँड टी या अमेरिकी दूरसंचार कंपनीच्या आखलेल्या नेटवर्कसाठी प्रोग्रामकडून कॉस्ट शोधून घेतल्या. ट्रॅफिकची वाटणी आदर्श वाटणीच्या अगदी जवळ गेली. चाचणीसाठी रचलेल्या नेटवर्कांवर तर वेगाच्या हिशेबाने ठरवलेल्या कॉस्टपेक्षा 50 ते 110 टक्के जास्त ट्रॅफिक त्याच लाइनींवर मावला! मात्र कुठून कुठे किती ट्रॅफिक जाणार, याचा तक्ता त्यांच्या हाताशी होता. तुमच्याकडे तो आहे का? नसेल तर प्रोग्राम तरी कशाच्या आधारावर डिझाइन करणार? कोणती शाखा कधीच बंद पडता कामा नये, हेही त्याला तुम्हीच सांगायचं.

भाच्याला बॅटफिश हा कॉन्फिगरेशन तपासणारा प्रोग्राम लॅपटॉपवर टाकायला सांगा, फुकट आहे. राउटरांच्या कॉन्फिगरेशनच्या फाइली त्याला द्या आणि विचारा : फायबर तुटली तर सातव्या शाखेचा डेटा कुठून जाईल? चालू राउटरला हात न लावता उत्तर मिळतं. तोवर तुम्ही तक्ता करायला घ्या. 14 शाखा, प्रत्येकीची दर तासाची मोजणी. महिनाअखेर त्यात आलीच पाहिजे.