डाना १८ मागे पाच गिअरचा बॉक्स: "मधे एक प्लेट टाकली की झालं" याबद्दल

तुमची पोस्ट दोनदा वाचली. सीजे-३बी जीप, आधीच्या मालकाने घातलेलं डिझेल इंजिन, मूळचा तीन गिअरचा टी-९० बॉक्स, मागे डाना १८ ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना ताकद वाटणारी, हाय-लो असलेली पेटी). आता हायवेसाठी भंगारातला पाच गिअरचा बॉक्स मिळतोय आणि लेथवाला म्हणतो, "मधे एक प्लेट टाकली की झालं." बाकी सगळं सोडून मी या शेवटच्या वाक्यावर लिहितोय, कारण नेमकं हेच वाक्य मला ऐकवलं गेलं होतं, आणि माझी जीप त्यानंतर बराच काळ ताडपत्रीखाली होती.

क्लच, बेलहाउसिंग, पायलट बेअरिंग यात जात नाही. ते तुमचा मेकॅनिक बघेलच.

डाना १८ ची गोम अशी की तिला स्वतःचा इनपुट शाफ्टच नाही. गिअरबॉक्सचा मेनशाफ्ट मागच्या भिंतीतून बाहेर येतो, सरळ ट्रान्सफर केसमध्ये घुसतो, आणि त्याच्या सहा स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या उभ्या दातांवर) ट्रान्सफर केसचा इनपुट गिअर बसतो. मागून कॅसल नट (खाचांचा नट) आणि स्प्लिट पिन, बस. तो गिअर खालच्या इंटरमीडिएट गिअरशी कायम जुळलेला असतो. म्हणजे या दोन गिअरमधलं अंतर ठरवणारी वस्तू कोणती? ट्रान्सफर केस गिअरबॉक्सवर नेमकी कुठे बसली, ती जागा. कंपनीच्या जोडीत बॉक्सच्या मागच्या बेअरिंगभोवतीचा गोल भाग ट्रान्सफर केसच्या बोअरमध्ये घट्ट बसतो आणि तो केंद्र पकडतो. पाच बोल्ट फक्त आवळून धरतात. ते केंद्र पकडत नाहीत, आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षाही ठेवू नये.

माझ्या प्लेटचं काम एका औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपने केलं. नाव लिहीत नाही, विचारूही नका. प्लेट दिसायला देखणी होती. दोन्ही बाजूंचे बोल्ट पॅटर्न बरोबर, कडा घासून गुळगुळीत. फक्त तिला स्पिगॉट, म्हणजे बोअरमध्ये बसून केंद्र पकडणारा गोल काठ, नव्हता, ना बॉक्सच्या बाजूला, ना ट्रान्सफर केसच्या. बोल्ट सहज जावेत म्हणून भोकं मात्र अंमळ मोठी पाडलेली. म्हणजे आवळताना ट्रान्सफर केस ज्या बाजूला लोंबली तिथेच ती कायमची बसली.

गाडी चालली. चाळीसच्या पुढे वेग गेला की खालून एक बारीक हूं सुरू व्हायचा, आणि पाय दाबला की तो वाढायचा. वर्कशॉपमध्ये परत गेलो तर मालकाने गाडीत न बसताच निकाल दिला: "डिफरन्शियलचा आवाज आहे, क्राउन-पिनियन गेलंय." नवीन क्राउन-पिनियन पडलं, बेअरिंगं पडली, मजुरी गेली. आवाज जागच्या जागी. मग म्हणाले, ऑइल जाड टाका. मग म्हणाले, जुन्या गाडीत एवढा आवाज चालायचाच. मग फोन उचलणं बंद.

आता यातून तुमच्या कामाची गोष्ट. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये टाका, इंजिन चालू करा, गिअरबॉक्स टॉप गिअरमध्ये, आणि क्लच सोडा. गाडी हलत नाही, प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल झोपलेली, पण मेनशाफ्ट, इनपुट गिअर आणि इंटरमीडिएट गिअर फिरतायत. आता जो आवाज येईल तो डिफरन्शियलचा असूच शकत नाही. लोड नसल्यामुळे आवाज कमी येतो, म्हणून ड्रायव्हरच्या बाजूने खाली लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावा. माझ्या गाडीत तो स्वच्छ ऐकू आला. हे मला त्या वर्कशॉपने नाही, आमच्या ओळखीच्या एका निवृत्त टूलरूमवाल्या काकांनी दाखवलं.

त्याच काकांनी ट्रान्सफर केस उतरवून मेनशाफ्टच्या टोकावर डायल गेज बांधला, रिकामी केस प्लेटवर परत आवळून गेजचं टोक तिच्या बोअरला आतून टेकवलं, आणि शाफ्ट हाताने फिरवला. सुईकडे बघून ते काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला. बेलहाउसिंगच्या बोअरला साधारण पाच थाऊची (थाऊ म्हणजे हजारांश इंच), म्हणजे ०.१२७ मिमीची, मर्यादा मानतात. इथे तो आकडा विचारायच्या पलीकडे होता. इनपुट गिअरच्या दातांवर एका कडेलाच चकाकी, दुसरी कड जशीच्या तशी काळी. म्हणजे प्लेट केंद्रातूनही सरकलेली आणि तिरकीही. खालच्या ऑइलमध्ये चंदेरी भुकटी.

तेव्हा लेथवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा: स्पिगॉट दोन्ही बाजूंना आहे का, आणि दोन्ही एकाच सेटिंगमध्ये कापणार का? तो "त्याची गरज नाही" म्हणाला तर चहा पिऊन परत या.

दुसरा मुद्दा शाफ्टचा. भंगारात स्वस्त मिळणारे बॉक्स बहुतेक टू-व्हील ड्राइव्ह गाड्यांचे असतात. त्यांचा मेनशाफ्ट लांब, मागे टेल हाउसिंग, स्प्लाइन वेगळ्या. तो कापून पुढे जुन्या शाफ्टचा तुकडा वेल्ड करून देतो म्हणणारे लोक आहेत. हार्डन केलेला शाफ्ट वेल्डच्या शेजारी तुटतो, आणि तुटतो तो घाटात लो गिअरमध्ये, घरासमोर नाही. योग्य पद्धत म्हणजे अ‍ॅडॉप्टरमध्येच (बॉक्स आणि केस जोडणाऱ्या मधल्या भागात) वेगळा शाफ्ट आणि त्याला स्वतःचं बेअरिंग. अमेरिकेत अ‍ॅडव्हान्स अ‍ॅडॉप्टर्स किंवा नोव्हाक यांच्या किटमागे हाच विचार असतो. आयात परवडत नसेल तरी त्यांची चित्रं टर्नरला दाखवा.

अ‍ॅडॉप्टर जितका जाड तितकी ट्रान्सफर केस मागे जाते, हेही धरा. तुमचा व्हीलबेस ८० इंच. मागचा प्रोपेलर आधीच आखूड, तो आणखी आखूड झाला की क्रॉसवर (प्रोपेलरच्या सांध्यावर) कोन वाढतो. जिप्सीवाले या बाबतीत सुखी: त्यांची ट्रान्सफर केस बॉक्सपासून वेगळी, मधे छोटा शाफ्ट.

आता थोडं माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या. पाचवा गिअर हवा कशाला? ५.३८ रेशोचा अ‍ॅक्सल आणि ६.००-१६ टायर धरले तर ३००० आरपीएमला टॉपमध्ये ताशी साधारण ७५ किमीचा वेग पडतो. ०.८ चा ओव्हरड्राइव्ह (शाफ्ट इंजिनपेक्षा जलद फिरवणारा गिअर) दिला तर ९५. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली, आखूड, उंच गाडी ९५ ने पळवायची तर आधी ब्रेकचा खर्च करा. आणि लो मध्ये टी-९० चा पहिला २.८०, ट्रान्सफर केस २.४६, अ‍ॅक्सल ५.३८, गुणाकार सुमारे ३७. सह्याद्रीतल्या चिखलाला हा आकडा ठीक आहे, पण फार नाही. बॉक्स बदलायचाच असेल तर पाचव्यासाठी बदलू नका, खालच्या, म्हणजे जास्त ओढीच्या, पहिल्यासाठी बदला. फक्त डिझेलचा टॉर्क आणि खूप खालचा पहिला एकत्र आले की ताण इंटरमीडिएट शाफ्टवर येतो. तुमचा १ १/८ इंची आहे की १ १/४, ते बघा. जाड असेल तर बरं.

फक्त हायवेचाच प्रश्न असेल तर डाना १८ च्या मागच्या पीटीओच्या (बाहेरच्या यंत्रासाठी ताकद काढायच्या) भोकात बसणारा वॉर्नसारखा ओव्हरड्राइव्ह हा मला सगळ्यात सभ्य मार्ग वाटतो. बॉक्सला हात लागत नाही. संपूर्ण नवीन बॉक्स-ट्रान्सफर केस जोडी घालायचा सल्ला कोणी दिला तर लक्षात ठेवा, डाना १८ चं मागचं आउटपुट उजवीकडे सरकलेलं आहे आणि तुमचं मागचं डिफरन्शियलही. डाना २० सारख्या केसचं आउटपुट मध्यावर येतं, मग मागचा अ‍ॅक्सलही बदला. खर्चाची शेपटी अशी वाढत जाते.

किरकोळ: ऑइल जीएल-४ घाला, जीएल-५ पितळी सिंक्रोला (गिअर अलगद जुळवणाऱ्या रिंगांना) बरं नाही. हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे आहे, चालत्या गाडीत तो ओढू नका, सगळा झटका प्रोपेलरला बसतो. आणि डिझेल इंजिनाची नोंद आरसीवर आहे ना? नसेल तर बॉक्सच्या आधी ते काम. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ एकदा वाचा. मी वकील नाही आणि इंजिनिअरही नाही, त्यामुळे माझ्या भरवशावर काही कापू नका.

सध्या एवढंच करा: ट्रान्सफर केसच्या मागची पीटीओ प्लेट उघडा, ती चार-पाच बोल्टांची गोष्ट आहे. आतला इनपुट गिअर दिसेल. त्याचे दात मोजा, २६ आहेत की २९, आणि फोटो टाका. ओव्हरड्राइव्हसाठीही तो आकडा लागतो आणि अ‍ॅडॉप्टरसाठीही. भंगारवाल्याला आगाऊ पैसे तोवर देऊ नका.