निवड होते, पण निरोप पोचतो का?

सरकारी इंटर्नशिप, फेलोशिप आणि कार्य प्रशिक्षणाबद्दलची पत्रं या वेळी नेहमीपेक्षा जास्त आली. त्यातली बरीचशी निवडीआधीच्या तयारीबद्दल नाहीत. अर्ज भरल्यानंतरच्या काळाबद्दल आहेत, आणि मला तोच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या विदर्भातली मुलं गुणवत्तेत मागे पडतात त्यापेक्षा जास्त वेळा निवड आणि रुजू होणं यांच्या मधे गळतात. म्हणून आज सगळी जागा याच प्रश्नांना दिली आहे.

प्रश्न : मॅडम, मी यंदा बी.एस्सी. झाले. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत तीन ठिकाणी अर्ज केला. पोर्टलवर अर्ज सादर झाला एवढंच दिसते, पुढे काही हलत नाही. मैत्रिणीला निरोप आला, मला नाही. नाकारलं असं समजू का? घरचे रोज विचारतात.
— एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

नाही, तसं समजू नकोस. आधी आतलं काम कसं चालतं ते बघ, म्हणजे जीव थोडा शांत होईल. तू भरलेल्या माहितीवरून पोर्टल प्रत्येक जागेसाठी काही नावं निवडतं आणि ती कंपनीकडे पाठवतं. शेवटची निवड कंपनी करते. कुणी फक्त अर्ज बघतं, कुणी फोनवर बोलतं, कुणी मुलाखत घेतं. कंपनीनं होकार दिला की निवडीचा प्रस्ताव पोर्टलवर दिसतो. मैत्रिणीची कंपनी वेगळी, तुझी वेगळी. दोघींना एकाच दिवशी कळायचं काही कारणच नाही.

स्पर्धा किती आहे तेही माहीत असावं. मोठ्या कंपन्यांत वर्षभर काम शिकवणारी केंद्र सरकारची ही योजना ३ ऑक्टोबर २०२४ ला पथदर्शी, म्हणजे चाचणी म्हणून सुरू झाली. पहिल्या फेरीत सुमारे १ लाख २७ हजार जागा होत्या आणि १ लाख ८१ हजार उमेदवारांनी ६ लाख २१ हजार अर्ज केले. कंपन्यांनी ८२ हजारांवर प्रस्ताव पाठवले. त्यातले सुमारे २८ हजार स्वीकारले गेले आणि प्रत्यक्ष रुजू झाले साधारण ८,७००. हे आकडे सरकारनं संसदेत दिलेले आहेत. ८२ हजार प्रस्तावांवरून ८,७०० वर येताना एवढी गळती का झाली? ठिकाण लांब, काम आवडीचं नाही, एक वर्षाचा काळ फार वाटला, पुढचं शिक्षण घ्यायचं ठरलं, ही कारणं पुढे आली. मला मिळणाऱ्या पत्रांवरून त्यात आणखी एक कारण जोडावंसं वाटतं, आणि ते कुठल्याच तक्त्यात येत नाही: निरोप आला, पण ज्याच्यासाठी आला त्याला तो वेळेत कळलाच नाही.

म्हणून आज एकच काम कर. अर्ज उघड आणि त्यात मोबाइल नंबर कुणाचा आहे ते बघ. तू अर्ज सेतू केंद्रावर भरला असशील तर ई-मेल केंद्रचालकानं घाईत बनवलेला असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्याचा पासवर्ड ना तुझ्याकडे असेल ना आता त्याच्या लक्षात. तो आजच हाती घे, जमलं तर स्वतःचा पत्ता टाक. नंबर भावाचा असेल आणि भाऊ दिवसभर वावरात असेल, तर त्याला सांगून ठेव: पुण्या-मुंबईच्या अनोळखी नंबरचा फोन कापायचा नाही, ‘ताई घरी आहे, सहा वाजता करा’ एवढं नीट बोलायचं आणि नंबर लिहून घ्यायचा. रिचार्ज संपू देऊ नकोस. आधी आपले फोन बंद होतात, मग काही दिवसांनी येणारे फोन आणि मेसेजही थांबतात. पोर्टल एक दिवसाआड बघ. मेलचा स्पॅमचा कप्पाही बघ. तासातासाला बघून काही वाढत नाही, फक्त डोकं दुखतं.

आणि दुसरे अर्ज थांबवू नकोस. बँकेची, तलाठ्याची, शिक्षक पात्रतेची जी तयारी चालू आहे ती चालू ठेव. घरच्यांना ‘अजून कळलं नाही, कळलं की मीच सांगेन’ असं एकदा ठाम सांग. रोजच्या विचारण्यामागे काळजी असते, पण तिचं ओझं होतंच.

प्रश्न : मी कास्तकार आहे. पोरीची इंटर्नशिपसाठी पुण्याकडच्या कंपनीत निवड झाली. महिन्याला पाच हजार देतात म्हणते. सोयाबीनचे पैसे कर्जात गेले. नातेवाईक म्हणतात, पोरीला एवढ्या लांब पाच हजारासाठी कशाला पाठवता. होकार द्यायची मुदत जवळ आली. काय करू?
— एक वाचक, ता. मंगरूळपीर, जि. वाशिम

भाऊ, पोरीची निवड झाली हे आधी मनापासून तिला सांगा. बाकीचा विचार त्यानंतर.

आता हिशेब. योजना सुरू झाली तेव्हाच्या नियमाप्रमाणे महिन्याचे ५,००० रुपये, त्यात ४,५०० केंद्र सरकारचे आणि ५०० कंपनीचे. रुजू झाल्यावर एकदाच ६,००० रुपये वेगळे. पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विमा, दोन्हींचा हप्ता सरकार भरतं. पोरीच्या प्रस्तावात नेमकं काय लिहिलं आहे ते तिच्याकडून वाचून घ्या, कारण नियमात बदल होतात आणि बंधनकारक कागद तोच.

कंपनी राहण्या-जेवणाची सोय करत नसेल तर पाच हजारात पुण्याला भागणार नाही, हे मी स्पष्टच सांगते. खोलीचं भाडं, मेस, येणं-जाणं यात घरून दर महिन्याला भर घालावीच लागेल. म्हणून होकार-नकाराआधी पोरीनं कंपनीच्या माणसाशी बोलावं आणि चार गोष्टी विचाराव्यात. वसतिगृह आहे का? कँटीनमध्ये जेवण किती रुपयांत मिळतं? कंपनीची बस कुठून सुटते? पाळी असेल तर मुलींची रात्रपाळी असते का? हे विचारल्यानं निवड रद्द होत नाही. कारखान्यांत कँटीन आणि बस पुष्कळ ठिकाणी असते, पण ते प्रस्तावात लिहिलेलं नसतं, आणि आपली मुलं विचारायला लाजतात.

उत्तरं समाधानकारक असली तर पाठवा. नातेवाइकांचं म्हणणं मला पटत नाही. मोठ्या कंपनीत वर्षभर काम केलेली मुलगी परत येते तेव्हा तिच्याकडे कामाचा कागद असतो, कामाची भाषा असते आणि चार माणसांशी ओळख असते. वाशिममध्ये बसून हे मिळत नाही. वाशिमची चूक नाही, इथे तेवढे उद्योगच नाहीत. आरोग्य, शिक्षण, पायाभूत सोयी यांत मागे राहिलेल्या जिल्ह्यांना सरकार आकांक्षित जिल्हे म्हणतं, त्यात तुमचाही जिल्हा आहे.

पण यासाठी सावकाराकडे किंवा बचत गटाच्या वाढीव कर्जाकडे जावं लागणार असेल, तर पाठवू नका. वर्षभरानंतर नोकरी मिळेलच अशी हमी या योजनेत नाही, आणि कर्ज मात्र नक्की असतं. त्या वेळी पोरीनं पुढच्या फेरीत ठिकाण निवडताना नागपूर, बुटीबोरी, अमरावती असं जवळचं बघावं. नकार द्यायचा झाला तरी पोर्टलवर रीतसर द्या, नुसतं गप्प बसू नका. ती जागा दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराला मिळू शकते.

आणि निर्णय तिच्यासोबत बसून घ्या. तिला बाजूला ठेवून नको.

प्रश्न : मला एका माणसाचा फोन आला, तुमची निवड झाली आहे, जागा पक्की करायला अडीच हजार भरा म्हणून. त्याला माझं नाव, शिक्षण सगळं माहीत होतं.
— एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा

एक रुपयाही देऊ नकोस. पंतप्रधान इंटर्नशिपला ना अर्जाची फी आहे, ना निवडीची. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री फेलोशिपला अर्ज करतानाच ५०० रुपये लागतात, नंतर नाही. नाव आणि शिक्षण माहीत असण्यात विशेष काही नाही. आपले कागद किती झेरॉक्सच्या दुकानांतून फिरतात ते आठव. खरी निवड पोर्टलवर तुझ्या लॉगिनमध्ये दिसते. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन कर. ओटीपी सांगितला असेल तर बँकेतही लगेच जा.

प्रश्न : मुख्यमंत्री फेलोशिपच्या ऑनलाइन परीक्षेत माझं नाव पुढे गेलं नाही. वय २४. पूर्ण राज्यातून ६० जागा, त्यात पुण्या-मुंबईची इंग्रजी बोलणारी मुलं. आमच्या कुरखेड्याच्या पोरांनी आशा ठेवायची तरी कशाला?
— एक वाचक, जि. गडचिरोली

वाईट वाटणं साहजिक आहे. दोन-चार दिवस वाटू दे. मग पुढचं वाच.

तरुणांना राज्य सरकारच्या कारभारात काम करायला देणारी ही फेलोशिप २०१५ मध्ये सुरू झाली, मधे बंद पडली आणि २०२३ मध्ये पुन्हा आली. वयाची अट २१ ते २६, पदवीला ६० टक्के आणि एका वर्षाचा कामाचा अनुभव. वस्तुनिष्ठ परीक्षेतून पहिले २१० निवडतात, त्यांच्याकडून निबंध घेतात आणि मुंबईत मुलाखत होते. तुझ्याकडे अजून वय आहे. तू पहिल्या चाळणीत अडकलास, आणि ती चाळणी सामान्यज्ञान, बुद्धिमापन, भाषा आणि संगणकाची आहे. हे घरी बसून सुधारता येतं. तुला भीती वाटते ती मुलाखतीची आणि तिथे इंग्रजी बोलण्याची, पण अजून तू तिथे पोचलेलाच नाहीस. म्हणून न झालेल्या मुलाखतीवर आत्ताच हार मानू नकोस.

अनुभवाच्या अटीकडे मात्र नीट बघ, कारण आपल्या भागातली बरीच मुलं इथे अडतात. इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप, आर्टिकलशिप (सी.ए. होणाऱ्यांचं प्रशिक्षण) धरतात, पण हातात प्रमाणपत्र हवं. एखाद्या संस्थेत वर्षभर राबलास आणि कागद घेतला नाहीस, तर अर्जात तो काळ रिकामाच. आजच जाऊन रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असलेलं, सही-शिक्क्याचं पत्र घे.

निबंध आणि मुलाखतीपर्यंत पोचशील तेव्हा तुझा जिल्हा तुझी ताकद आहे. तेंदूपत्त्याचा लिलाव ग्रामसभा कसा करते, हे तुझ्या वयाच्या शहरी मुलानं पुस्तकात वाचलेलं असतं. तू ठेकेदार आणि ग्रामसभा समोरासमोर बसलेली बघितली असशील. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि देशात ज्यांना तो सगळ्यांत आधी मिळाला त्यात हे गाव आहे. तुझ्या घरापासून ते फार लांब नाही. एकदा जाऊन ये, लोकांशी बोल, वहीत उतरव. धान खरेदी केंद्रावर बारदाना संपला की काय होतं, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गरोदर बाईला दवाखान्यात कसं नेतात, हे लिही. ‘ग्रामीण भारतापुढील आव्हाने’ असलं लिहू नकोस, ते सगळेच लिहितात.

एक रस्ता गडचिरोली आणि वाशिमच्या मुलांना सहसा कुणी सांगत नाही. परराष्ट्र मंत्रालयाची इंटर्नशिप असते, महिना १०,००० रुपये आणि दिल्लीला जाण्यासाठी विमानभाडं. पहिल्या छाननीत आकांक्षित जिल्ह्यांतल्या उमेदवारांना प्राधान्य देतात. जागा थोड्या आणि वयाची मर्यादा २५, त्यामुळे तुझ्यासाठी वेळ कमी आहे. जाहिरात आली की त्याच आठवड्यात अर्ज कर.

आपले गुण किती होते ते कळवलं नसेल तर माहितीच्या अधिकारात विचार. साध्या कागदावर अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर ३० दिवसांत. नाही आलं तर पहिलं अपील, त्याला २० रुपये. दुसऱ्याचे गुण मागू नकोस, स्वतःचे माग. किती कमी पडलो हे कळलं की पुढची तयारी अंदाजानं करावी लागत नाही.

प्रश्न : मी ग्रामपंचायतीत मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत काम केलं. आधी सहा महिने, मग पाच महिने वाढले. आता बंद. कायम करणार असं सगळे म्हणत होते, वाट बघू का?
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

ताई, वाट बघू नकोस. मला हे लिहिताना बरं वाटत नाही, कारण अकरा महिने तू घरपट्टीच्या नोंदी केल्यास, दाखले दिलेस, लोक तुला ‘मॅडम’ म्हणू लागले आणि एका तारखेला ते सगळं थांबलं. पण २०२४ च्या शासन निर्णयात ही योजना प्रशिक्षणाची आहे. शिक्षणाप्रमाणे ६, ८ किंवा १० हजार विद्यावेतन, आणि कायम नोकरीचा हक्क त्यात नाही. प्रशिक्षणार्थींनी मागणी केली, आंदोलनं केली, ती करण्याचा त्यांना अधिकार आहे, तुलाही आहे. फक्त त्या आशेवर बाकीचे फॉर्म सोडू नकोस.

प्रमाणपत्र मिळालं नसेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे लेखी माग आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घे. त्यात काय काम केलं तेही नमूद करायला सांग. विद्यावेतनाचे काही महिने अडकले असतील तर आधी बँकेत जाऊन एक विचार: माझं खातं आधारशी नुसतं जोडलेलं आहे, की सरकारी पैसे येण्यासाठीही तेच नोंदलेलं आहे? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीकडे कुठे जुनं खातं नोंदलेलं असेल तर पैसे तिकडे जमा होत राहतात आणि आपण कार्यालयाच्या चकरा मारतो. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं खातं आठवत असेल तर ते पासबुक आधी शोध. बँकेत काही सापडलं नाही तर जिल्हा कौशल्य विकास केंद्रात जा. महास्वयम या राज्याच्या रोजगार पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक, रुजू झाल्याचं पत्र आणि हजेरीपटाची प्रत सोबत ने. हजेरी दर महिन्याला ऑनलाइन चढवली होती का, हे तिथेच तपासून मिळेल.