पाळलेल्या सापाने टॉवेल किंवा कापड गिळलं तर काय करावं?
टोक तोंडाबाहेर दिसत असलं तरी कृपा करून ओढू नका. सापाचे दात आत वळलेले असतात. कापड त्यात अडकतं आणि ओढाओढीत आतून इजा होते. तेल-पाणी पाजणं, पोट चोळणं हेही नकोच. खाणं थांबवा, नेहमीची ऊब ठेवा, सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांना लगेच फोन करा. तसाच दुसरा टॉवेल घरात असेल तर सोबत न्या. एक्स-रेत कापड नीट दिसेलच असं नाही, त्या दुसऱ्या टॉवेलवरून माप तरी कळतं.

२०२० मध्ये सिडनीत एका पाळीव अजगराने पोहायला नेतात तसला अख्खा टॉवेल गिळला होता. डॉक्टरांनी भूल देऊन, एंडोस्कोपने (कॅमेरा लावलेल्या बारीक नळीने) आत बघत, चिमट्याने तो तोंडावाटेच बाहेर काढला. पोट कापावं लागलं नाही. आपोआप पडेल म्हणून वाट बघत बसू नका, आतडं तुंबलं तर शस्त्रक्रियाच करावी लागते.